सातवा माड

परवा रात्री एक माड कमी भरला. सात असायला हवे होते, सहाच निघाले. आधी वाटलं डोळे दमलेत. चष्मा पुसला, उपग्रहाने काढलेलं चित्र लहान केलं, पुन्हा मोठं केलं, स्क्रीनवर बोट टेकवत एकेक मोजला. सहाच. हे बेट मी चार वर्षांपासून ओळखते. ओळखते म्हणजे तिथे कधी गेलेली नाही, जाणारही नाही. दक्षिण पॅसिफिकमधल्या तुआमोतू द्वीपसमूहात एका कंकणाकृती प्रवाळबेटाच्या, म्हणजे ॲटॉलच्या, कडेवर तो वाळूचा तुकडा बसलाय. अशा तुकड्याला तिकडे 'मोतू' म्हणतात. नकाशावर त्याला नाव नाही. मी एक ठेवलंय, पण ते माझ्यापाशीच राहू दे. झोप येईनाशी झाली की मी तिथे जाऊन बसते. एका टोकाला झुडपांचा गडद पुंजका, मग उघडी पुळण, एका बाजूला लगूनचं, म्हणजे कंकणाच्या आत अडलेल्या उथळ समुद्राचं, पोपटी-निळं पाणी, दुसऱ्या बाजूला खडकावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी किनार, आणि पुळणीवर सात माड. आता सहा.

वरून पाहिलेला माड मुळात माडासारखा दिसतच नाही. ते उंच सडसडीत खोड सगळं शेंड्याखाली दडतं. उरते ती फाकलेल्या झावळ्यांची चांदणी, कुणीतरी हिरव्या पेन्सिलीने घाईत मारलेल्या फुलीसारखी. माड वाचायचा तो सावलीत. उंची किती, खोडाला बाक कुठे आलाय, वारा बारा महिने कोणत्या अंगाने वाहतो, हे सगळं शेजारच्या वाळूवर आडवं पडलेलं असतं. सावल्या वाचता वाचताच एक गोष्ट लक्षात आली, की त्या बहुतेक वेळा पश्चिमेकडे झुकलेल्या असतात. ही चित्रं काढणारे बरेचसे उपग्रह सूर्याशी वेळ जुळवून फिरतात. कुठल्याही बेटावरून ते जातात तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा वाजण्याचा सुमार असतो. त्यामुळे नकाशातल्या जगात कायम सकाळच. तिथे दिवेलागण होत नाही, वादळ येत नाही, कारण ढगांनी झाकलेलं चित्र शक्यतो कुणी लावतच नाही. मला त्या साडेदहाची चटक लागलीय. इकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि मी तिकडचं ऊन बघत बसलेली असते.

माझी भाची एकदा शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, हे आत्ताचं आहे का?" म्हटलं, नाही गं, खाली तारीख असते बघ, तीन वर्षांपूर्वीचं आहे. "म्हणजे तू जुने फोटोच बघतेस की," असं म्हणून ती उठून गेली.

ते वाक्य परवा फार आठवलं.

जुनी चित्रं एकामागून एक पाहायची सोय असते, तारखांची पट्टी मागे सरकवायची. सरकवली. आधीच्या चित्रात सात चांदण्या, सात सावल्या. नंतरच्या चित्रात सहा, आणि सातव्याच्या जागी एक तपकिरी रेघ, अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात. तिला सावली नव्हती. आडव्या पडलेल्या खोडाला सावली कुठून असणार, पण ते कळायला मला क्षणभर लागला, आणि त्या क्षणात पोटात काहीतरी हललं. दोन चित्रांमध्ये सव्वादोन वर्षांचं अंतर. मधल्या कुठल्यातरी दिवशी मुळाखालची वाळू सरली आणि माड गेला. त्या काळात मी तिथे शेकडो वेळा जाऊन बसले असेन, आणि प्रत्येक वेळी तो मला उभा दिसत होता.

पडलेल्या खोडाने लोकांना याहून मोठी भूल घातलेली आहे. अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन १९३७च्या जुलैमध्ये हाऊलंड बेट शोधताना नाहीसे झाले. त्यांचं विमान निकुमारोरोच्या आसपास उतरलं असावं असं मानणारा एक गट आहे. गेल्या काही वर्षांत त्या ॲटॉलच्या लगूनमधली एक लांबोडकी आकृती उपग्रहचित्रांत लोकांच्या डोळ्यांत भरली. ते विमानाचं धूड आहे असं काही जण म्हणतात. त्याच बेटावर वर्षानुवर्षं शोध घेतलेल्या माणसाचं म्हणणं, की तो मुळांच्या गड्ड्यासकट वाहून आलेला माड आहे. मला हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. एका बाईची वाट बघून बघून जग इतकं कासावीस झालंय, की पाण्यातल्या लाकडाला पंख फुटतात.

या नादाची सुरुवात खरं तर एका नसलेल्या बेटापासून झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधल्या कोरल समुद्रात 'सँडी आयलंड' नावाचा एक काळा डाग नकाशांत होता. १८७६मध्ये व्हेलॉसिटी नावाच्या व्हेलशिकारी जहाजाने तिथे जमीन पाहिल्याचं कळवलं होतं, आणि ती नोंद एका नकाशातून दुसऱ्या नकाशात उतरत उपग्रहांच्या काळापर्यंत आली. नोव्हेंबर २०१२मध्ये 'सदर्न सर्व्हेयर' हे संशोधन जहाज मुद्दाम त्या जागी गेलं, तर खाली हजार मीटरहून जास्त खोल पाणी. जहाज 'बेटा'वरून आरपार गेलं. ती बातमी वाचून मी पहिल्यांदा नकाशा उघडला होता, आणि बेट शोधता शोधता समुद्रातच रेंगाळले.

तो समुद्र खोटा असतो, हे आधी माहीत नव्हतं. भर समुद्राचा जो निळा रंग दिसतो ते छायाचित्र नव्हे. तळाच्या खोलीच्या मोजमापावरून रंगवलेलं ते चित्र आहे. जहाजांनी ध्वनिलहरींनी जिथे तळ बारकाईने मोजला तिथे रेघा उमटलेल्या दिसतात, नांगरटीसारख्या. २००९मध्ये अशाच रेघांची जाळी पाहून अटलांटिस सापडल्याची आवई उठली होती. खरा समुद्र दिसतो फक्त बेटांभोवती. गोधडीला ठिगळ लावावं तसा खऱ्या छायाचित्राचा एक चौकोन, त्यात खऱ्या लाटा, खरी चकाकी, आणि मधोमध बेट. चौकोनाची कड ओलांडली की पुन्हा रंगवलेलं पाणी. मला ती कडच फार आवडते. कुणीतरी ठरवलंय, की इथपर्यंतचं जग बघण्यासारखं आहे.

मी माडांसाठी बेटं बघायला लागले, आणि उघडच सांगते, निर्मनुष्य बेटांसाठी. माणूस नाही, घर नाही, धक्का नाही, नुसते माड आणि वाळू. पॅसिफिकमधलं एकेक ॲटॉल धुंडाळत होते. मग एके दिवशी किरिबास या देशातलं किरिटिमाटी उघडलं. नाव लिहायचं किरिटिमाटी आणि म्हणायचं किरिसमस, कारण तिथल्या भाषेत 'ति'चा उच्चार 'स' होतो. १७७७च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कॅप्टन कुक तिथे पोहोचला म्हणून हे नाव. भूभागाच्या हिशेबात जगातलं सर्वांत मोठं प्रवाळ ॲटॉल. तिथे लंडन नावाचं गाव आहे आणि पाण्याच्या पलीकडच्या काठावर ओसाड पडलेलं पॅरिस. गावांच्या नावांना हसत हसत चित्र मोठं केलं, आणि हसू थांबलं. माड ओळीत होते. उभ्या ओळी, आडव्या ओळी, वहीच्या चौकटीच्या कागदासारख्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एमॅन्युएल रूझिए या फ्रेंच धर्मगुरूने हे बेट भाडेपट्ट्याने घेतलं आणि लाखो माड लावले. सुकं खोबरं हवं होतं, साबणासाठी, मार्गारिनसाठी, दूरच्या कारखान्यांसाठी. त्यानंतर मी जिथे गेले तिथे मला ओळी दिसायला लागल्या. पन्नास-साठ वर्षं कुणी हात लावलेला नाही, पडलेले नारळ रुजून मधल्या जागा भरून गेल्यात, वरवर बघणाऱ्याला घनदाट रान वाटेल. पण नजर थोडी तिरकी करून पाहिलं की दाटीखालून जुनी ओळ वर येते, उलटून शिवलेल्या कपड्यावर जुन्या टाक्यांची भोकं दिसावीत तशी.

हे माझं एकटीचं वेड नाही. संशोधकांनी उपग्रहचित्रं संगणकाला शिकवून पॅसिफिकमधल्या ॲटॉलांवरचे माड मोजले, आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तिथल्या वृक्षाच्छादनात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या माडाचा आहे, आणि त्यातला मोठा भाग जुन्या, सोडून दिलेल्या लागवडींचा. नारळ समुद्रावर तरंगत जातो आणि वाळूत कोंब धरतो हे खरंच आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून नारळ नेत होते हेही खरं. पण ते सगळं थोडंथोडं होतं. ओळी आल्या त्या खोबऱ्याच्या बाजाराबरोबर. म्हणजे निर्मनुष्य बेट म्हणून मी ज्याच्याकडे रात्र रात्र बघत होते ते कुणाच्यातरी घामाचं शेत होतं. खोबरं खरवडणारे हात गेले, बोटी यायच्या थांबल्या, शेत मात्र उगवत राहिलं.

माझा माडावरचा जीव इथे जरा अडखळला. आणि पाल्मायराने तर त्याची पुरती पंचाईत केली. हवाईच्या दक्षिणेला हजारभर मैलांवर असलेल्या या ॲटॉलचं नाव ऐकून ताडाची आठवण होते, कारण इंग्रजीत ताडालाही पाल्मायरा म्हणतात, पण नाव आलंय १८०२मध्ये तिथे जाऊन लागलेल्या एका जहाजावरून. तिथली मूळची झाडं वेगळी, पिसोनियासारखी, रुंद फांद्यांची. समुद्रपक्षी त्यांच्यावर घरटी करतात. माडावर त्यांना बसणं जमत नाही. झावळ्या वाऱ्यात सपासप हलतात, अंडं ठेवणार कुठे? जिथे माड वाढले तिथून पक्षी उठले. पक्षी उठले तशी त्यांची विष्ठा थांबली, जमीन निकस झाली. हे इथवर तरी माझ्या डोक्यात आलं असतं. पण संशोधकांनी धागा समुद्रापर्यंत नेला. पिसोनियाच्या रानाखालची जमीन पावसाने धुपून पाण्यात उतरते तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जास्त असतात, आणि ते खायला मांटा रे येतात, ते पंख पसरून पोहणारे प्रचंड मासे. माडांच्या किनाऱ्याला ते फारसे फिरकत नाहीत. झाडाच्या फांदीचा आकार आणि समुद्रातल्या माशाची वाट यांचा असा संबंध असतो. पाल्मायरावर २०११मध्ये उंदीर संपवले, आणि त्यानंतर लाखोंच्या संख्येने माड काढले, मूळचं रान परत आणायला. मी नव्या चित्रांत ते काढलेले पट्टे पाहिले. तांबूस, उघडे. डोक्याने म्हटलं, बरं झालं. आणि मग मी पट्टी मागे सरकवून जुनं, माडांनी गच्च भरलेलं चित्र बराच वेळ बघत बसले. दोन्ही खरं.

माड सोडून ताडकुळातल्या दुसऱ्या झाडांकडे वळले ती बहुधा या अपराधी भावनेतूनच. ज्यांना कुणी आणून लावलं नाही अशी. हवाईच्या वायव्येला निहोआ नावाचा एक कडा समुद्रातून वर आलाय, बेट म्हणायचं म्हणून म्हणायचं. त्याच्या खोबणींत लोउलू नावाचे पंख्यासारख्या पानांचे ताड आहेत, निसर्गतः जगात फक्त तिथे. दोन घळींना ईस्ट पाम व्हॅली आणि वेस्ट पाम व्हॅली अशी नावंच आहेत. १८८५मध्ये लिलिउओकलानी, जी पुढे हवाईची राणी झाली, लवाजम्यासह तिथे आली होती. त्या भेटीत आग लागली आणि सगळ्यांना बेटावरून काढता पाय घ्यावा लागला. ताड राहिले. मॉरिशसमध्ये क्युरपीपच्या वनस्पती उद्यानात तर एका जातीचं जगातलं शेवटचं झाड उभं आहे, हायोफोर्बे अमॅरिकॉलिस. त्याची नर फुलं आधी उमलून गळून जातात, मादी फुलं मागाहून येतात, त्यामुळे एकट्या झाडाला स्वतःशीही बी धरता येत नाही. मी ते उद्यान वरून तासभर चाळलं. ताडकुळातले शेंडे पुष्कळ दिसले. त्यातला तो कुठला, ते कळेना. इतकं एकटं झाड, आणि वरून अगदी चारचौघांसारखं.

चोरून बघितल्यासारखं मात्र एकदाच वाटलं. अंदमानातलं उत्तर सेंटिनल. तिथे जायला कायद्याने बंदी आहे, आणि तिथल्या लोकांनी स्वतःची बंदी बाणांनी कळवलेली आहे. नकाशाला या दोन्हींची फिकीर नाही. २००४च्या भूकंपाने उचललं गेलेलं प्रवाळ किनाऱ्याभोवती कड्यासारखं दिसतं, आत सलग, मऊ, शेवाळासारखं रान. मी सवयीने चांदण्या शोधायला लागले. मग आठवलं, की इथे नारळ होत नाही असं वाचलंय. मानवशास्त्रज्ञांची पथकं वर्षानुवर्षं नारळ घेऊन जात, लांबून पाण्यात सोडत. १९९१च्या जानेवारीत सेंटिनली लोक पाण्यात उतरून आले आणि त्यांनी ते हातातून घेतले. त्या पथकात मानवशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. कंबरभर पाण्यात उभं राहून कुणीतरी नारळ पुढे करतंय, आणि समोरचा घ्यायचा की नाही हे ठरवतोय. मी इथे न विचारता त्याच्या छपरावर डोळा लावून बसले होते. टॅब बंद केला. तेवढं एक बेट मी पुन्हा उघडलेलं नाही.

उलट, कधीकधी वरून बघणारं कुणी असावं अशी प्रार्थना खाली चालू असते. २०२४च्या एप्रिलमध्ये मायक्रोनेशियातल्या पिकेलॉट या चिमुकल्या बेटावर तिघे जण अडकले होते. पोलोवाट बेटाहून छोट्या होडीतून निघालेले, लाटांनी होडी मोडली. त्यांनी झावळ्या गोळा केल्या आणि पुळणीवर मोठ्या अक्षरांत 'हेल्प' लिहिलं. आठवड्याहून अधिक काळ नारळ खाऊन काढला. अमेरिकी नौदलाच्या टेहळणी विमानाला ती अक्षरं दिसली. मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे: सुटकेला आलेल्या तटरक्षक जहाजावरचा एक जवान त्यांच्याच भाषेत बोलत पुढे गेला, नाव विचारलं, तर ते त्याचे लांबचे नातलग निघाले. त्या बातमीतला वरून काढलेला फोटो मी कितीतरी वेळा पाहिलाय. अक्षरं वेडीवाकडी आहेत, झावळ्यांची पाती कडेला फिसकटलीत. मी वर्षानुवर्षं चांदण्यांचा अर्थ लावत होते, आणि इथे माडाने सरळ अक्षरंच काढून दाखवली.

आणि तरी, बघणाऱ्याच्या हातात काय असतं? हवाईच्या वायव्येकडच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या ॲटॉलमधल्या ईस्ट आयलंडवर २०१३मध्ये पाठीवर कॅमेरा बांधून माणसं चालली, म्हणून ते बेट पावलापावलाने हिंडता येतं. वाळू, पक्षी, पुढे समुद्र. २०१८च्या ऑक्टोबरात वालाका वादळाने ते बेट जवळजवळ सगळंच धुऊन नेलं. जुन्या चित्रांतल्या वाळूवर मात्र अजून चालता येतं. ती चित्रं पहिल्यांदा उघडली तेव्हा भाचीला हाक मारून दाखवावीत असं मनात आलं होतं. नाही मारली.

परवाकडे परत येते. झोप तर उडालीच होती, म्हणून मोजपट्टी काढली. जुन्या चित्रात सहाव्या आणि सातव्या माडामधलं अंतर किती होतं, एवढंच बघायचं होतं. शेंड्यापासून शेंड्यापर्यंत मोजून उपयोग नव्हता, माड वाकलेले. कुणाचा शेंडा लगूनकडे, कुणाचा भलतीकडेच. म्हणून सावली जिथून सुरू होते तो बिंदू धरला, म्हणजे बुंधा. साडेआठ मीटर. मग सहज पाचवा-सहावा मोजला. साडेआठ. चौथा-पाचवा, पुन्हा तेवढंच. वाकड्या शेंड्यांखाली सातही बुंधे एका रेषेत होते, सुतळी ताणून लावल्यासारखे. चार वर्षं मी त्यांना वाऱ्याने इकडेतिकडे उगवलेले समजत होते. कुणीतरी तिथे पावलं मोजत चाललं होतं. खड्डा, नारळ, वाळू, पुन्हा तेवढीच पावलं.

ओळ काठाला समांतर नाही, जराशी तिरकी आहे, पाण्याकडे उतरत जाणारी. मोतू असे सरकत असतात. एका अंगाची वाळू जाते, दुसऱ्या अंगाला येऊन लागते. दुसऱ्या महायुद्धातली विमानातून काढलेली छायाचित्रं आजच्या चित्रांवर ठेवून हे मोजलेलं आहे. म्हणून नवं चित्र लावलं, पडलेल्या खोडाच्या बुंध्यापासून मोजपट्टी त्याच रेषेत पुढे ओढली आणि साडेआठ मीटरवर थांबले. खाली पोपटी पाणी होतं, इतकं उथळ की तळाच्या वाळूवरच्या लाटांच्या सुरकुत्या दिसत होत्या. तिथे एक पिन लावली. नावाच्या चौकटीत 'आठवा' असं लिहिलं, आणि पट्टी तशीच पुढे ओढत नवव्याची जागा शोधायला लागले.